"अडगळीची खोली" या शब्दाबद्दल: एक तारा देणाऱ्या पालकांना शाळेचं उत्तर

नमस्कार ताई,

आमच्या शाळेबद्दल तुम्ही ऑनलाइन लिहिलेला अभिप्राय मी काल रात्रीपासून चार वेळा वाचला. जूनमध्ये प्रवेश देताना शाळेने तीन गोष्टी कबूल केल्या होत्या, असं तुम्ही म्हणता: आठवड्यातून तीन दिवस स्पेशल एज्युकेटरचा तास, तुमच्या ऑटिझम असलेल्या मुलासाठी वेगळा आयईपी, म्हणजे त्याच्या गरजेप्रमाणे शिकवण्याची लेखी योजना, आणि आवाज असह्य झाला की बसायला शांत खोली. पहिल्या दोन ऑगस्टपासून मिळाल्या नाहीत आणि तिसरी "अडगळीची खोली" निघाली, म्हणून एक तारा. पहिल्या दोन गोष्टींबद्दल मी माफी मागते. कबूल केलं होतं, झालं नाही.

आमच्या स्पेशल एज्युकेटर टीचर मडगावहून फोंड्याला यायच्या. त्यांना ऑगस्टमध्ये दुसरीकडे नोकरी मिळाली. हे काम करणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेली असावी लागते. नोंदणी नसलेल्या कुणालाही मुलासमोर बसवणं मला पटलं नाही. अनुदानित शाळेला पगारासाठी सरकारचा आधार असतो, आमची शाळा पालकांच्या फीवर चालते. तुम्ही 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचा दाखला दिलात. त्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे, आणि मान्यता असलेल्या शाळेने मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करून द्यायची असते, हे मला ठाऊक आहे. मी ते कधी नाकारलेलं नाही.

पण "अडगळीची खोली" हा शब्द मला फार लागला.

ती खोली आधी माझं ऑफिस होती. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, खिडकी मागच्या कुळागराकडे, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेकडे, त्यामुळे रस्त्याचा आवाज येत नाही. शाळेत तशी ती एकच आहे. मे महिन्यात माझ्या यजमानांनी स्वतः ती रंगवली आणि मी माझं टेबल जिन्याखाली नेलं. मुलाला ट्यूबलाइटची घरघर सोसत नाही, असं तुम्ही सांगितलंत, त्याच आठवड्यात ट्यूब काढून पिवळा दिवा लावला. त्या बाजूची घंटा जूनपासून बंद आहे, मावशी वर्गावर्गात जाऊन तास संपल्याचं सांगतात. तुम्ही सोबत टाकलेल्या फोटोत यातलं काहीच दिसत नाही. दिसतात त्या चाळीस प्लास्टिकच्या खुर्च्या, स्पीकर आणि मखर.

त्या तिथे का होत्या ते सांगते. नवरात्रात सरस्वती पूजन असतं, आपल्याकडे लहानातली लहान शाळाही ते चुकवत नाही. खुर्च्या भाड्याच्या. मांडववाल्याने बुधवारी आणल्या, शनिवारी न्यायच्या होत्या, तर त्याचा टेम्पो बंद पडला. व्हरांड्यात ठेवाव्यात तर पाऊस थांबत नव्हता, शिवाय बालवाडीतली मुलं त्यांच्यावर चढतात. बुधवार ते सोमवार, सहा दिवस, त्यातला एक रविवार. तुम्ही फोटो काढलात तो सोमवारी पावणेआठला, प्रार्थना चालू असताना, मला न विचारता. दुपारी दोनला टेम्पो आला. मंगळवारी आला असतात तर खोली रिकामी दिसली असती.

एक गोष्ट मात्र तुम्ही लिहिलेली नाही. बहुधा तुम्हाला ती माहीतच नाही, आणि चूक आमची आहे. शुक्रवारी आरती सुरू झाली, घुमट हे आपलं मातीचं वाद्य वाजायला लागलं आणि तुमचा मुलगा कान दाबून त्याच खोलीकडे धावला. कुठे जायचं ते त्याला बरोबर ठाऊक होतं. दार उघडेना, आतून खुर्च्या टेकल्या होत्या. तो तिथेच उंबऱ्याशी बसला. मावशी त्याला मागच्या पडवीत घेऊन गेल्या, अर्ध्या तासाने तो निवळला. मी तेव्हाच तुम्हाला फोन करायला हवा होता. पाहुणे होते, प्रसाद वाटायचा होता, आणि राहून गेलं. याला माझ्याकडे उत्तर नाही.

"फुकट पैसे घेतात" असंही तुम्ही लिहिलंत, ते मात्र मला मान्य नाही. महिन्याचे 3,500 रुपये पुढच्या फीत वळते करू, असं मी सप्टेंबरच्या पालकसभेनंतर स्वतः म्हटलं होतं. "पैसे नकोत, टीचर द्या," असं तुम्हीच म्हणालात. म्हणणं बरोबर होतं, ताई. पण मग लिहितानाही तेच लिहायचं होतं. आमच्याकडे 84 मुलं आहेत. कालच प्रवेशासाठी आलेल्या दोन पालकांनी मोबाइलवर तुमचं लिहिणं उघडून मला दाखवलं. एवढ्या लहान शाळेला दोन प्रवेशही जड जातात.

एका नव्या टीचरशी बोलणं चालू आहे, दिवाळीनंतर जमेल असं वाटतं. त्या आल्या की आयईपीचंही बसून बघू. सप्टेंबर-ऑक्टोबरचे पैसे वळते करतेच, तुम्ही नको म्हणालात तरी. खोलीत यापुढे काही ठेवायचं नाही, असं सगळ्यांना सांगितलं आहे.

मी रोज साडेसातपासून शाळेत असते, केव्हाही या. एक तारा राहू दे, तुमचा तेवढा हक्क आहे. जमलं तर "अडगळीची" हा शब्द काढा. त्या खोलीला तुमचा मुलगा "माझी खोली" म्हणतो.

शाळेची संचालिका, फोंडा