कुकरच्या शिट्ट्या मोजू की यांचे पर्सेंटेज

२०२४ च्या निवडणुकीआधीची गोष्ट, त्या दिवशी परत!! संध्याकाळचे सात, कुकर लावलेला, एका हातात फोडणीची पळी, आणि फोन. ९०८ वरनं, म्हणजे आमच्याच एरिया कोडवरनं आला म्हणून उचलला, वाटलं मुलाच्या सॉकर कोचचा असेल. कसला कोच, सर्व्हे! "फक्त पाच मिनिटं मॅम" म्हणत बावीस मिनिटं खाल्ली त्या माणसाने.

आम्ही राहतो ब्रिजवॉटरला, म्हणजे न्यू जर्सीचं सातवं डिस्ट्रिक्ट, अमेरिकन काँग्रेसचा मतदारसंघ हो, आणि तिथे तेव्हा खासदार म्हणून रिपब्लिकन टॉम केनची पहिलीच टर्म. २०२० ला तो डेमोक्रॅट मॅलिनोव्स्कीकडून पाचेक हजार मतांनी पडला, २०२२ ला त्यालाच पाडून निवडून आला, आणि २०२४ ला समोर डेमोक्रॅट सू ऑल्टमन, त्यामुळे सगळ्यांना आमचाच नंबर हवा होता. त्यात आमची मतदार नोंदणी अनअफिलिएटेड, म्हणजे कुठल्याच पक्षाची नाही, मग दोन्हीकडचे हात धुऊन मागे. नको ते फोन टाळायच्या सरकारी यादीत, डू नॉट कॉल लिस्टमधे, नाव टाकलंय हो, पण राजकीय कॉल आणि सर्व्हे त्यातून सुटतात, नियम करणारे कोण शेवटी!

आणि प्रश्न तरी कसले, "अमक्या उमेदवाराने तमुक केलं हे कळलं तर मत द्यायची शक्यता वाढेल, कमी होईल की फरक नाही?" अरे हा प्रश्न आहे की चहाडी? जाहिरातीत कुठला टोमणा चालेल ते माझ्यावर तपासून बघताय, तेही फुकटात, माझी फोडणी जाळून.

बरं एवढं करून आकडा काय देणार, तर अमका दोन टक्क्यांनी पुढे. पक्षाने स्वतः करून घेतलेला पोल असेल तर ज्याचे पैसे तोच पुढे, ते सोडाच. पण चारशे लोकांना विचारलं की मार्जिन ऑफ एरर, म्हणजे आकडा चुकायची मुभा, येते जवळजवळ ५ टक्के, वर किंवा खाली, प्रत्येकाच्या आकड्याला, मग दोघांतला फरक तर आणखीनच डळमळीत. काटा पाच किलो इकडेतिकडे दाखवत असेल तर दोन किलो उतरलं म्हणून पेढे वाटता का कोणी??

त्याच्या दोन दिवस आधी तर मी आंघोळीला गेलेले आणि फोन सासूबाईंनी घेतला. नाशिकहून आल्या होत्या, सहा महिन्यांसाठी. बाहेर येऊन बघते तर सोफ्यावर मांडी घालून "यस यस, व्हेरी गुड" चाललेलं. विचारलं काय झालं, तर म्हणतात, "मुलगा फार गोड बोलत होता गं, मी सगळ्याला हो म्हटलं."