भेकरं मरतात म्हणून पऱ्यात औषध ओतू नका

‘अमेरिकेतला हरणांचा रक्तस्रावी रोग कोकणात शिरला आहे. भेकरं, सांबरं पाण्याकाठी मरून पडत आहेत. पाण्यातून आणि डासांतून तो माणसाला होतो. विहिरीचं पाणी आणि दूध बंद करा. पऱ्या-पाणवठ्यांत कीटकनाशक ओता, रानात पावडर मारा. पहिलं हिम पडेपर्यंत रानात जाऊ नका.’ हा निरोप फिरत फिरत आमच्या मावशीकडे पोचला आणि तिच्या वाडीत औषधासाठी वर्गणीची भाषा सुरू झाली. म्हणून हा खटाटोप.

आधी ते हिम. रत्नागिरीत हिम पडायची वाट बघायची तर रान कायमचंच सोडावं लागेल! अमेरिकेत थंडीत पहिल्यांदा पाणी गोठतं तेव्हा रोग पसरवणारी चिलटं मरतात आणि साथ थांबते. तिथली सूचना कुणीतरी उतरवून घेतली आणि खाली ‘कोकण’ लिहिलं. निरोपासोबतचा फोटोही तिथलाच: एका वाकड्या दांड्यावर उभे फाटे असलेली शिंगं. भेकराचं शिंग वीतभरही नसतं आणि त्याला बुडाशी एकच छोटा फाटा असतो. गावाचं नाव नाही, तारीख नाही, तपासणीचा अहवाल नाही.

रोग मात्र खरा आहे. एपिझूटिक हेमरॅजिक डिसीज, म्हणजे ईएचडी. 1955 मध्ये न्यू जर्सीत पांढऱ्या शेपटीच्या हरणांत तो पहिल्यांदा ओळखला गेला. एक ते तीन मिलिमीटरची क्युलिकॉइडीस जातीची चिलटं तो एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेतात. डास नव्हेत, पाणी तर नव्हेच. हरणं पाण्याकाठी मरतात कारण ताप भयंकर असतो आणि ती अंग थंड करायला, प्यायला तिथे येतात. निरोप लिहिणाऱ्याने यावरून पाण्यालाच दोषी ठरवलं.

आणि त्याच पाण्यात औषध ओतायला निघालेत! ही चिलटं वाहत्या स्वच्छ पाण्यात वाढत नाहीत. शेण-मूत मुरलेला ओला चिखल, गोठ्यामागचं गटार, शेणखड्ड्याची कड, तिथे त्यांच्या अळ्या असतात. चावणारं चिलट तर हवेत असतं, पाण्यात ओतलेलं त्याला लागणार कसं? लागतं ते माशांना, झिंग्यांना, कुर्ल्यांना. सायपरमेथ्रिनसारखं औषध अगदी थोडं पडलं तरी पऱ्यातले हे जीव मरतात, डब्यावर तसा इशाराही असतो. त्यात उन्हाळ्यात पऱ्या आटून डबकी उरलेली, म्हणजे तेवढंच औषध कितीतरी जास्त तीव्र. क्लोरपायरिफॉस किंवा मोनोक्रोटोफॉस ओतलं तर ते पाणी प्यायलेली गुरं लाळ गाळतात, थरथरतात, श्वास कोंडून मरतात. भेकरंही मरतील. मग त्यांचे फोटो काढून ‘बघा, रोग आला’ म्हणून पुढचा निरोप तयार.

चिलटं कमी करायचीच असतील तर गोठ्यामागचं गटार वाहतं ठेवा, शेणखड्डा गोठ्यापासून लांब न्या, संध्याकाळी दिवे लागायच्या आधी गुरं आत घ्या. पंखा लावता आला तर उत्तम, कारण वाऱ्यात चिलटांना नीट उडता येत नाही. साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून ती आरामात आत येतात.

दूध आणि माणूस, हे दोन्ही मुद्दे एका दमात निकालात निघतात. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या नोंदीप्रमाणे ईएचडी माणसाला होत नाही, आणि जनावरांच्या व्यापाराच्या तिच्या नियमावलीत या रोगाच्या बाबतीत दूध सुरक्षित मालाच्या यादीत आहे.

थोडं मान्य करावं लागतं. ईएचडीचा भाऊबंद ब्लूटंग आपल्याकडे जुना आहे. 1964 मध्ये महाराष्ट्रातल्याच मेंढ्या-शेळ्यांत त्याची नोंद झाली. नुसत्या डोळ्यांनी हे दोन रोग वेगळे ओळखता येत नाहीत, प्रयोगशाळाच लागते. आणि मेलेल्या प्रत्येक भेकराला रोगच होता असं नाही. फासकी, मोकाट कुत्रे, महामार्ग, कठडा नसलेली विहीर, आधी हे बघा. मेलेलं जनावर दिसलं तर हात न लावता वनरक्षकाला किंवा वनखात्याच्या 1926 या हेल्पलाइनवर कळवा, तेही लगेच. उष्म्यात मढं सडलं की नमुना कामाचा राहत नाही. मटणासाठी उचलून नेणं तर 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

‘रानात पावडर मारा’ हे बहुधा माकडतापावरून (क्यासनूर फॉरेस्ट डिसीज) उचललेलं दिसतं. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात केर गावी 2016 मध्ये आलेला हा ताप माणसाला खरोखर होतो, पण तो गोचिडीतून. माकड मरून पडलं तर आरोग्य खातं भोवतालच्या 50 फुटांत मॅलॅथिऑनची भुकटी टाकतं. जमिनीवर, पाण्यात नव्हे. हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका काजूचा. तेव्हा पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पालापाचोळ्यात बसू नका, घरी आल्यावर अंग तपासा. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, चिरडू नका. आठवडाभरात अचानक ताप चढला, डोकं-अंग ठणकायला लागलं तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि काजूच्या बागेत गेलो होतो हे डॉक्टरांना न विचारता सांगा.