गुलाल, आभाळ आणि कोडेक

ॲनिमेशन करायला दोन महिने लागले त्याचं काही वाटलं नाही, पण एक्स्पोर्ट करायला जे तीन दिवस गेले ना ते आठवले की अजून डोकं दुखतं. आमच्या मंडळाच्या एलईडी वॉलसाठी ४० सेकंदांची क्लिप, फोरकेमध्ये, म्हणजे ३८४० बाय २१६० पिक्सेल. बाप्पा येतात, गुलाल उडतो, मागे केशरीचं हळूहळू जांभळं होणारं आभाळ. बास.

एक्स्पोर्ट दाबलं की हॉटेलातला पोऱ्या श्वास न घेता मेन्यू म्हणतो तशी कोडेकची, म्हणजे व्हिडिओ कॉम्प्रेस करून लहान करायच्या पद्धतींची, यादी येते, एच.२६४, एच.२६५, प्रोरेस आणि त्यात परत एलटी, एचक्यू, ४४४४. आपण काय करतो, पहिलंच आण म्हणतो. एच.२६४ तर २००३ पासून आहे, कुठल्याही डबड्यावर चालतं.

चाललं की! फक्त आभाळाला पट्टे पडले, ८ बिटमध्ये एका रंगाला जेमतेम २५६ पायऱ्या, त्या सगळ्या मोजता येत होत्या. बाप्पाच्या लाल शेल्याची कड सर्दी झाल्यासारखी सुजलेली. शोधल्यावर कळलं की ह्याला ४:२:० म्हणतात, म्हणजे उजेड प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा पण रंग चार पिक्सेलांत मिळून एक, चाळीत चार बिऱ्हाडांना एक नळ असतो तसं. आणि हा कोडेक आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच लिहून ठेवतो, आता गुलालात प्रत्येक कण प्रत्येक फ्रेमला बदलतो, तर बिचारा लिहून लिहून दमला आणि गुलालाचे चौकोन करून मोकळा झाला. बर्फी उधळल्यासारखी दिसत होती.

मग म्हटलं कॉम्प्रेशनच नको. एक फ्रेम २५ एमबी, सेकंदाला २४, म्हणजे ४० सेकंदांचे २४ जीबी. डिस्कवर जागा १९. जागा करायला काय काय डिलीट करत होतो तर बायको मागून म्हणाली, "अहो, ते आपलं लग्न आहे."

एच.२६५, १० बिट, रात्रभर रेंडर. आभाळ असं गुळगुळीत की हात फिरवावासा वाटेल! मंडळाच्या लॅपटॉपवर लावलं तर काळा पडदा आणि मागे नुसते ढोल. सेक्रेटरी म्हणाला, "थीम भारी आहे, पण बाप्पा कधी येणार?"

एका मित्राने छातीठोक सांगितलं, प्रोरेस ४४४४ कर, डोळे मिटून. त्यातला चौथा ४ पारदर्शकतेचा, जी मला नकोच होती, पण लाल शेला पहिल्यांदा नीट दिसला म्हणून गप्प बसलो. फाइल पाच जीबीच्या वर. पेन ड्राइव्हवर १२ जीबी मोकळे असून तो म्हणे फाइल फार मोठी आहे, कारण तो फॅट३२ आणि त्यात ४ जीबीच्या वरची एक फाइल मावतच नाही. फॉरमॅट मारला. त्यात मंडळाचा मागच्या वर्षीचा जमाखर्च होता हे नंतर कळलं, तो विषय वेगळा.

संध्याकाळी एलईडीवाल्याकडे छाती काढून गेलो. पोरगं विशीतलं, तोंडात गुटखा. फाइल बघून म्हणालं, "एमपीफोर नाय का दादा?" म्हटलं अरे हे फोरके आहे, ४४४४ आहे. तर शांतपणे म्हणालं, "वॉल ८९६ बाय ५१२ चा हाय." सात पॅनल आडवे, चार उभे, प्रत्येक १२८ बाय १२८, मी तिथेच उभ्या उभ्या गुणाकार करून बघितला, बरोबर होता.

शेवटी माझ्या मोबाईलमधली ती पहिलीच, पट्टेवाली क्लिप लावली. रस्त्यापलीकडून अध्यक्ष ओरडले, "आभाळ एक नंबर झालंय रे!"