हेब्रॉन: १९९४ का गाळलं?
वेस्ट बँकमधल्या हेब्रॉन शहरावरच्या तुमच्या लेखात तिथल्या ज्यू वस्तीची कहाणी लेखकाने १९२९च्या हत्याकांडापासून सुरू केली, ते योग्यच. ६७ ज्यू मारले गेले, शतकांची वस्ती उठली. पण १९९४ का गाळलं? शेजारच्या किर्यात अर्बा या ज्यू वसाहतीतल्या गोल्डस्टाइनने, अब्राहमची कबर जिथे आहे त्या इब्राहिमी मशिदीत नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घातल्या, आणि त्यानंतर शुहादा या शहरातल्या मुख्य बाजाररस्त्यावर टाळी लागली ती पॅलेस्टिनींच्याच दुकानांना! जुन्या बाजारावर तर जाळी ताणावी लागलीय. वरच्या ज्यू घरांतून फेकलेला कचरा, बाटल्या तिच्यात अडकलेल्या दिसतात. आजच्या ज्यू वस्तीत माणसं जेमतेम काहीशे, आणि त्यांच्या दिमतीला एवढं इस्रायली लष्कर. त्यांची श्रद्धा खरी आहे, वादच नाही. पण अब्राहमची कबर मुसलमानांनाही तितकीच पवित्र आहे, हे लेखात एका ओळीत उरकलंय. इस्रायल आणि पॅलेस्टिनींमधल्या १९९७च्या करारात शहराची वाटणी कशी झाली, त्यावरही लिहा.