धर्माचा रकाना

एका लेखात म्हटलंय की श्रद्धा मनात असते, कागदावर थोडं जुळवून घेतलं तर काय बिघडतं? आमच्या घरी कागदावरूनच रामायण झालं होतं! आम्ही इंदूरचे, मालवा मिलकडचे दलित ख्रिस्ती. घरात मराठी, प्रार्थनाही मराठीतच. माझा कॉलेजचा फॉर्म भरताना तिथला कारकून बाबू हळूच वडिलांना म्हणाला, "धर्म में हिंदू लिख दो काका, छात्रवृत्ति मिल जाएगी." वाईट हेतूनं नव्हता बोलला तो. छात्रवृत्ती अनुसूचित जातीची होती. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातीत जागाच नाही. 1956 मध्ये शीख आत आले, 1990 मध्ये बौद्ध. आम्ही अजून बाहेर.

वडिलांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं आणि ठसठशीत अक्षरात 'ख्रिस्ती' लिहिलं. फी आईच्या पाटल्या गहाण ठेवून भरली. आई महिनाभर त्यांच्याशी धड बोलली नाही, हेही सांगायला हवं.

बायबलमधले शद्रख, मेशख, अबेदनगो हे तिघे, मूर्तीला नमला नाहीत तर पेटत्या भट्टीत टाकीन म्हणणाऱ्या राजाला सांगतात, देवानं सोडवलं नाही तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमणार नाही. आमच्याकडे प्रवचन मात्र नेहमी भट्टीतून सुखरूप बाहेर आल्याचंच होतं, त्या 'तरी'वर कुणी थांबत नाही. पाटल्या काही सुटल्या नाहीत.