हिरोशिमाच्या पुढचं जपान

जपानला निघालोय असं घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं आणि चेरीचा बहर राहिला बाजूला, मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनवरून जुंपली. काकांचं म्हणणं, "देश कसा पुढे जातो ते बघून ये." डोंबिवलीची मावसबहीण रोज फास्ट लोकलच्या दारात लटकते, तिचं उत्तर तयार होतं, "आधी आमची लोकल सुधारा, मग मिरवा." म्युनिकहून तोक्योच्या हानेदा विमानतळावर उतरेपर्यंत मेसेजचा ढीग साचला होता.

दोघंही जपानचाच दाखला देतात, पण १९६४ साली तिथे काय झालं हे दोघांच्याही बोलण्यात येत नाही. तोक्यो-ओसाका हा जुना मार्ग प्रवासी गाड्या आणि मालगाड्यांनी तुडुंब भरला होता. तिथे आणखी गाड्या कोंबायला जागा नव्हती. म्हणून ५१५ किलोमीटरचा स्वतंत्र, रुंद रुळांचा मार्ग टाकला. त्यासाठी जागतिक बँकेचं आठ कोटी डॉलरचं कर्जही काढलं. वेगवान गाड्या तिकडे गेल्या, जुने रूळ बाकीच्यांना मोकळे झाले. थोडक्यात, शिंकान्सेन, म्हणजे तिथली बुलेट ट्रेन, हा गर्दीवरचाच इलाज होता. त्या हिशेबाने आपली शिंकान्सेन म्हणजे २०२२ साली सुरू झालेली ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका! मेल-एक्स्प्रेस वेगळ्या, लोकल वेगळ्या. पण तिच्यावरून ग्रुपवर कुणी भांडत नाही.

मुंबई-अहमदाबाद मार्ग ५०८ किलोमीटरचा, त्यातली महाराष्ट्रातली स्थानकं चार. जपानचं कर्ज ०.१ टक्के व्याजाचं, हे काकांचं म्हणणं खरं. पण डोंबिवलीच्या फलाटावरची गर्दी त्या मार्गाने जाणारी नाहीच. बहिणीलाही एक सांगावंसं वाटतं : ते कर्ज त्याच कामासाठी मिळालंय. उद्या बुलेट ट्रेन रद्द झाली म्हणून ते पैसे कल्याणच्या रुळांकडे वळणार नाहीत.

हिरोशिमाला नोझोमी या शिंकान्सेनमधून उतरून आम्ही छोटी पिवळ्या पाटीची गाडी भाड्याने घेतली. जर्मन परवान्याला जपानी भाषांतर जोडावं लागतं. भारतातून येणाऱ्यांना आरटीओचं इंटरनॅशनल परमिट चालतं. गाडी डावीकडून चालवायची, ते हाताला लगेच आठवलं. इंडिकेटरची दांडी मात्र उजवीकडे, त्यामुळे प्रत्येक वळणावर लख्ख उन्हात वायपर फिरायचा. नॅव्हिगेशनमध्ये ठिकाणाचा फोन नंबर टाकला की झालं, हे भलतंच सोयीचं.

मियोशीच्या पुढे गोनोकावा नदीच्या काठाने निघालो. रस्ता उत्तम, माणूस क्वचित. मधूनच गंजलेले रूळ दिसत, शेजारी चेरी फुललेली. ही सान्को लाइन, १०८ किलोमीटरची. उझुई नावाचं तिचं एक स्थानक दोन बोगद्यांच्या मधल्या पुलावर आहे, जमिनीपासून वीस मीटर उंच. वर जायला ११६ पायऱ्या, लिफ्ट नाही. खाली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी घरं. या घरांतल्या म्हाताऱ्यांनी सामान घेऊन ते कसं चढायचं, हा विचार आराखडा करताना कुणी केला होता की नाही, देव जाणे.

हा मार्ग पूर्ण झाला १९७५ साली. त्याच वर्षी शिंकान्सेन हिरोशिमावरून पुढे हाकातापर्यंत पोहोचली. एका मार्गावर आज गाड्यांची रीघ आहे. दुसरा २०१८ साली बंद पडला. गावं ओस पडली, उरलेल्यांकडे मोटारी आल्या. शेवटी दिवसाला चार-पाच फेऱ्या, त्याही रिकाम्या. शिस्त, वक्तशीरपणा, तंत्रज्ञान सगळं असून जपानला तो मार्ग वाचवता आला नाही, कारण बसायला माणसंच नव्हती.

आपल्याकडे उलटं आहे. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली. ७४१ किलोमीटरच्या या मार्गावर रोहा-वीरचा तुकडा दुहेरी झाला, बाकी बहुतेक सगळी वाट एकेरी. समोरची गाडी येईपर्यंत क्रॉसिंगला ताटकळायचं, गणपतीत तर विचारूच नका. आरक्षण उघडलं की काही मिनिटांत वेटिंग. माणसं आहेत, रूळ नाहीत. तळकोकणातल्या दुसऱ्या रुळासाठी आमच्या ग्रुपवर अजून एकदाही भांडण झालेलं नाही. आणि काका तर मूळचे कणकवलीचे.