ऑनलाइन कॅसिनोचा मालक नेमका कोण?

ऑनलाइन कॅसिनो किंवा सट्ट्याच्या ॲपचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा लगेच व्यसनाकडे वळते. ते गैर नाही. परंतु करसल्लागार म्हणून लोकांचे बँक उतारे पाहणे हाच ज्याचा व्यवसाय आहे, अशा माझ्यासारख्याला त्याआधीचा एक प्रश्न पडतो. हे पैसे नेमके जातात कोणाकडे?

काही महिन्यांपूर्वी सांगलीत, विश्रामबागच्या माझ्या कार्यालयात, तासगावकडचा एक द्राक्षबागायतदार तरुण आला होता. जिंकलेली रक्कम ॲपमध्ये दिसत होती, पण विथड्रॉल अडकला होता. त्याने विचारले, “सर, कंपनीला वकिलाची नोटीस पाठवता येईल का?” मी त्याचा उतारा उघडला. त्या ॲपचे नाव संपूर्ण उताऱ्यात एकदाही नव्हते. होती ती एका किराणा दुकानाची, एका मोबाइल शॉपीची, दोनतीन ‘एंटरप्रायजेस’ची आणि काही व्यक्तींची नावे. पैसे भरताना पडद्यावर दर वेळी नवा क्यूआर कोड येत असे आणि त्यामागचे खातेही दर वेळी निराळे असे. नोटीस धाडायची ती कोणाच्या पत्त्यावर?

त्या संकेतस्थळाच्या तळाशी बारीक अक्षरांत कुरासाओ येथील एका एन.व्ही. (म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या) कंपनीचे नाव होते. कुरासाओ हे कॅरिबियन समुद्रातील, नेदरलँड्सच्या राज्यात मोडणारे बेट असून त्याची लोकसंख्या आपल्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या सुमारे एक तृतीयांश आहे. तिथे अनेक वर्षे अशी पद्धत होती की सरकारने चार मुख्य परवाने द्यायचे आणि त्या परवानाधारकांनी पुढे असंख्य उपपरवाने वाटायचे. साहजिकच उपपरवानाधारकाच्या वर्तनाची तक्रार सरकारी दारापर्यंत क्वचितच पोहोचत असे. २४ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने ही उपपरवान्यांची पद्धत मोडीत काढली आणि परवाने थेट नियामकाकडे आले. ही सुधारणा आहे हे मान्य. पण तासगावच्या माणसाने कुरासाओत दाद मागणे तेव्हाही अवघड होते आणि आजही आहे.

बहुतेकांचा समज असा असतो की एक ब्रँड म्हणजे एक कंपनी. प्रत्यक्षात परवाना एका कंपनीकडे असतो, युरोपातील पैशांची देवघेव बऱ्याचदा सायप्रसमधील उपकंपनी पाहते, जाहिरात करणारे कमिशनवर काम करणारे तिसरेच कोणी असतात आणि पडद्यावर पत्ते वाटणारी मुलगी तर चौथ्याच कंपनीची कर्मचारी असते. स्वीडनमधील ‘इव्होल्यूशन’ ही कंपनी आपल्या स्टुडिओंतून असे थेट प्रक्षेपित टेबल शेकडो ब्रँडना पुरवते. म्हणून चार वेगळ्या ॲपवर तोच चेहरा आणि तेच टेबल दिसले तर त्यात नवल काही नाही. ‘स्टेक’ या ऑनलाइन कॅसिनोचे उदाहरण तर मासलेवाईक आहे. परवाना कुरासाओच्या ‘मीडियम रेअर’ या कंपनीचा, संस्थापकांची ‘ईझीगो’ ही कंपनी मेलबर्नमध्ये, आणि ऑस्ट्रेलियातील रहिवाशांना मात्र त्या कॅसिनोवर खेळण्याची मुभा नाही, कारण त्या देशाचा २००१ चा कायदा ऑनलाइन कॅसिनोला परवानगी देत नाही.

नाव एकाचे आणि परवाना दुसऱ्याचा, हा प्रकार इंग्लंडसारख्या कडक नियमांच्या देशातही चालला. ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावरील ‘टीजीपी युरोप’ ही कंपनी आपल्या ब्रिटिश परवान्याच्या छत्राखाली अनेक परक्या ब्रँडची संकेतस्थळे चालवत होती आणि त्यांतील काही नावे प्रीमियर लीगच्या संघांच्या जर्सीवर झळकत होती. भागीदारांची पुरेशी पारख न केल्याबद्दल आणि इतर त्रुटींबद्दल तिथल्या जुगार आयोगाने मे २०२५ मध्ये तिला तेहतीस लाख पौंडांचा दंड ठोठावला, आणि तिने परवानाच परत केला. तिथे निदान दंड भरायला सांगता येईल असे कोणीतरी होते.

सगळेच मालक अंधारात असतात असेही नाही. पॅडी पॉवर, बेटफेअर आणि पोकरस्टार्स ही सट्ट्या-जुगारातील नावे ‘फ्लटर’ची, लॅडब्रोक्स, कोरल आणि बीविन ‘एंटेन’ची. दोन्ही शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या आहेत आणि त्यांचे वार्षिक अहवाल कोणालाही वाचता येतात. आपल्याकडची ‘जंगली रमी’ही याच फ्लटरच्या छत्राखाली होती, हे ती खेळणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक होते, देव जाणे.

आता मुद्दा आपल्या देशाचा. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारे विधेयक संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केले आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे किंवा पन्नास लाखांपर्यंतची तरतूद आहे. त्यानंतर ड्रीम११, रमीसर्कल, जंगली रमी यांनी पैशांचे खेळ बंद केले. म्हणजे ज्यांची कार्यालये इथे होती, जे करकपात करत होते आणि ज्यांना नोटीस पोहोचत होती, ते थांबले. या बंदीला माझा विरोध नाही. त्या खेळांनीही घरे बुडवली आहेत. परंतु ज्यांचा इथे पत्ताच नव्हता त्यांना ही बंदी कशी लागू करणार, हे कोणी सांगत नाही. संकेतस्थळ रोखले की नावातले एखादे अक्षर बदलून दुसरे उभे राहते आणि व्हॉट्सॲपवर ‘आयडी’ (खेळण्यासाठीचे लॉगिन खाते) विकणारा नवी लिंक पाठवून मोकळा होतो.

आपल्या मार्केट यार्डात हळदीच्या पट्टीवरून वाद झाला तर शेतकरी बाजार समितीत जातो, कारण अडत्याचा परवाना आणि गाळा दोन्ही तिथेच असतात. ऑनलाइन कॅसिनोत इथे असतो तो फक्त आयडीवाला आणि भाड्याने घेतलेले बँक खाते. म्हणून तपासाचा रोख तिथेच हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. एखाद्या किराणा दुकानाच्या खात्यात रात्री दोन वाजता पाच राज्यांतून हजार-हजार रुपये जमा होत असतील, तर ते बँकेला दिसत नाही यावर माझा विश्वास नाही.

त्या तरुणाला मी नोटिशीचा नाद सोडायला सांगितले आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवायला लावली. अडकलेली रक्कम समजा मिळाली असती, तरी ती अशाच कोणाच्या तरी खात्यातून आली असती, आणि त्या खात्याविरुद्ध परराज्यात तक्रार असेल तर पोलिसांच्या पत्रावरून याचेही खाते गोठले असते. थोड्याशा पैशांसाठी स्वतःचे पासबुक, एटीएम आणि सिमकार्ड दुसऱ्याच्या हाती देणाऱ्या मुलांच्या पालकांनी हेही समजून घ्यावे, की कुरासाओपासून सायप्रसपर्यंतच्या या साखळीत पोलिसांना खरे नाव आणि खरा पत्ता सर्वांत आधी सापडतो तो त्यांच्याच मुलाचा.